खुर्चीवरचं प्लास्टिक

मंगळवार, १७ मार्च. विश्रामबाग.

यंदाच्या अर्थसंकल्पातही आमच्या तालुक्याच्या कोर्टाला न्यायाधीशाचं पद मिळालं नाही. इमारत मात्र मागेच मंजूर होऊन उभी राहिली. न्यायाधीशांच्या खुर्चीवरचं प्लास्टिकसुद्धा अजून कुणी काढलेलं नाही. कारकून फक्त पुढची तारीख देतो.

आज माझे पक्षकार बिरूआण्णा परत आले. विहिरीकडे जाणारी त्यांची जुनी वाट पुतण्याने नांगरून टाकली. ती कुठून जायची हे सांगणारे आता एकटे आण्णाच उरलेत. चपला दाराबाहेर काढून त्यांनी रिकाम्या खुर्चीला हात जोडले. सवयीने मीही मान झुकवली. कुणापुढे? प्लास्टिकपुढे?

"आवं म्याडम, सायेब कवा येणार?"

"पद मंजूर झालं की, आण्णा."

"मग खुर्ची आदी कशाला आणली?"

काय सांगू? खुर्ची एकदाच घ्यावी लागते, पगार दरमहा द्यावा लागतो, असं?

निघताना आण्णा दारात थांबले. बराच वेळ काहीतरी आठवत राहिले. मग मलाच विचारलं, "म्याडम, ती वाट लिंबाच्या अलीकडनं जात हुती का पलीकडनं?"