सराईतील शिपायाचे भूत फलकावरून काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपरिषद कार्यालय, मोरसराई,
ता. शिंदखेडा, जि. धुळे.

विषय : माझ्या आजोबांना भूत ठरविल्याबाबत व आता आईस त्यापासून वाचविण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज.

महोदय,

१. आपण आमच्या जुन्या सराईस वारसास्थळ ठरवून दारात फलक लावला, याबद्दल मी आभारी आहे. मात्र त्यावर 'दुसऱ्या महायुद्धात मारला गेलेला शिपाई नईम येथे आजही वावरतो' असे लिहिले आहे. नईम हे माझ्या आईचे वडील. ते युद्धात मेले नाहीत.

२. खरी हकीकत अशी की, ते ब्रह्मदेशात पडल्याची तार आली आणि घरच्यांनी फातेहाही पढली. पुढे युद्ध संपल्यावर ते नरडाणा स्टेशनवर उतरून पायी घरी आले. दारात झाडलोट करणारे शालिग्रामनाना त्यांना पाहून "भूत शे रे बाप्पा!" असे ओरडत पळाले व मारुतीच्या पारावर बेशुद्ध पडले. आजोबांनीच त्यांना पाणी पाजले. डोळे उघडताच पाणी पाजणारा पाहून नाना पुन्हा बेशुद्ध पडले. तिथूनच ही आख्यायिका पसरली. आजोबांनी त्यानंतर लग्न केले, सराई चालवली व म्हातारपणी दम्याने वारले.

३. हे मी आपले लिपिक श्री. भूपेंद्र यांना सांगितले. "भूत नसल्याचा पुरावा आणा," असे ते म्हणाले. युद्धानंतर जन्मलेली त्यांची मुलगी म्हणजे माझी आई हयात आहे, असे मी सांगितले. त्यावर "भुताला मूल होत नाही असा नियम दाखवा," असे उत्तर मिळाले. मुक्कामी उतरणारे ट्रकवालेही आता येईनासे झाले आहेत.

४. आई मुमताज हिला हे सहन झाले नाही. पांढरी ओढणी घेऊन ती रोज संध्याकाळी फलकामागच्या ओट्यावर बसू लागली. गेल्या रविवारी जळगावची मंडळी फलक वाचत असता ती एकदम उठून म्हणाली, "माझ्या अब्बांना भूत म्हणता?" मंडळी चपला टाकून पळाली. आई त्या चपला घेऊन मागे धावली, त्याने प्रकरण अधिकच बिघडले.

५. आता आपल्या वारसा समितीने 'पांढऱ्या वस्त्रातील स्त्री' असा दुसरा फलक मंजूर केल्याचे कळते. आईला विचारले, तर ती म्हणते, "लावू दे. पण गुडघे दुखतात तिचे, हे पण लिहा म्हणावं. लोक उगाच घाबरतात."

तरी पहिला फलक दुरुस्त करावा व दुसरा लावू नये, ही विनंती. या अर्जाच्या सुनावणीस आई स्वतः येणार आहे. ती दारात दिसताच कोणी पळू नये, एवढी सूचना कर्मचाऱ्यांस द्यावी.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
शेहजाद युसुफ शेख
सराईचालक, मोरसराई
दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत : जळगावकरांच्या चपला, तीन जोड व एक सुटी.