राहून गेलेला ठोका

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

माझं हृदय जागेवर आहे आणि चालू आहे, असं काल सकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मध्येच एखादा ठोका गाळतं, पण घाबरण्यासारखं काही नाही. (तुझ्या भावजयीने हे त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं, माझ्या तोंडच्या बातमीवर तिचा विश्वास नाही.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? अकरा महिने विचारलं नाही, म्हणून सगळं एकदमच विचारतो.

झालं असं, की जिना चढताना छातीत काहीतरी फडफडायला लागलं. बाईंनी छातीला पाच वायरी चिकटवल्या, पट्ट्याला साबणाच्या वडीएवढं यंत्र अडकवलं आणि चोवीस तासांसाठी एक वही दिली. वेळ, काय करत होतात, काय जाणवलं, असे तीन रकाने. छत्तीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसाच्या हाती कुणी रकाने देऊ नयेत. तिसऱ्या रकान्यात शब्द कोणता वापरायचा, हे मी आधी विचारून घेतलं. कारण ठोका हा डॉक्टरांचा, तो मोजता येतो. धडधड आपली स्वतःची, ती निकालाच्या दिवशी होते. धडकी दुसरा कुणीतरी भरवतो. आणि स्पंदनं फक्त कवितेच्या पानावर होतात. बाई म्हणाल्या, "आजोबा, शब्द कुठलाही लिहा, पण खरं लिहा." (आजोबा! मी त्रेसष्टचा आहे.)

तसाच ग्रंथालयात गेलो. कॉलरमधून वायर डोकावत होती. पहारेकऱ्याने हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, हृदयाचं आहे. त्याने शांतपणे सांगितलं, की सामान बाहेर ठेवूनच आत जायचं. तिथे जो वाद झाला त्याची नोंद मी 'वाचन' अशी केली. परतताना बसमध्ये शेजारच्या बाई माझ्याकडे बघून मागच्या बाकावर गेल्या. ती नोंद 'प्रवास, आरामशीर'. वहीत खाडाखोड फार झाली म्हणून शेवटी सगळी पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवली आणि उतरवताना वेळाही नीटनेटक्या पाच-पाच मिनिटांवर बसवल्या. आलेख आणि वही शेजारी ठेवून बाईंनी ओळ न् ओळ ताडून पाहिली. मग म्हणाल्या, तुम्ही वाचताना पळताय आणि जिना चढताना झोपलाय.

त्यांनी एका जागी बोट ठेवलं. चार वाजून दहा मिनिटं, 'विश्रांती', ठोके एकशे बत्तीस.

"विश्रांती कसली?" तुझी भावजय म्हणाली. "फोनपाशी उभे होते हे. दादांचा नंबर फिरवायचा आणि शेवटचा आकडा राहिला की ठेवून द्यायचा. तीनदा."

ते खरं आहे. त्या दुपारी डाव्या कुशीवर पडलो होतो. उशीत कान दबला आणि माझं हृदय मलाच ऐकू आलं. टक टक, टक टक, मग काहीच नाही, मग एक मोठा. बाबांवर तू त्यांच्या कारखान्याच्या अंकासाठी लिहिलं होतंस ना, त्यातलं वाक्य मला पाठ आहे: 'त्यांच्या छातीवर डोकं ठेवलं की मध्येच एक ठोका राहून जायचा, पुढचा येईपर्यंत मी श्वास धरून असे; तो मला अजून ऐकू येतो.' तू मला फक्त वाच म्हणाला होतास. मी तांबड्या शाईत तेवीस दुरुस्त्या केल्या, त्या वाक्यावर रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'अतिशयोक्ती. गाळावे.' तू कागदाची घडी केलीस, चहा अर्धा ठेवलास आणि गेलास.

बाई म्हणतात, हे कधीकधी घराण्यात असतं. (तूही एकदा दाखवून घे.) म्हणजे तू ऐकलंस तेच लिहिलंस. ती जागा तुझी होती, मी पायाशी झोपायचो. मला कुठून ऐकू येणार? आमच्या कामात चुकून खोडलेलं परत घ्यायचं असेल, तर त्याखाली टिंबं देऊन समासात 'तसेच ठेवावे' असं लिहितात. छत्तीस वर्षांत मी ते फार कमी वेळा लिहिलं.

तुझा धाकटा,
खोडरबर

ता. क. तो कागद फाडला नसशील तर पाठव, टिंबं माझ्या हाताने देतो. उरलेल्या बावीसपैकी एकोणीस दुरुस्त्या बरोबरच आहेत, पण त्याबद्दल मी एक अक्षर काढणार नाही.

ता. क. २. माझी वही बाद झाली आहे. गुरुवारी यंत्र पुन्हा लावणार आणि वही तुझी भावजय लिहिणार. बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी मी शेवटचा आकडाही फिरवीन. तू उचलेपर्यंतचा एकूण एक ठोका आलेखात उतरणार आहे, तेव्हा गुडघ्याचं निमित्त करू नकोस, फोनजवळच बस.