सोबत आलेले गृहस्थ आणि पक्षिगृहाचं दार

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. कंबर धरल्यामुळे वाकून करता येत नाही, तेव्हा कागदावरच पुरेसा वाकलोय असं समज. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पट्टी निघाली आणि निघाल्या निघाल्या तुला भावोजींच्या शर्टावरचा डाग दिसला हे कळलं. म्हणजे डोळा उत्तम झाला. भावोजी चालायला लागले का? (त्यांना सांग, फाटकापर्यंत जाऊन पेपर घेऊन येण्याला डॉक्टर व्यायाम म्हणत नाहीत.) इकडे आम्ही तिघंही ठीक. आमच्या ऑफिसात नवीन साहेब आलेत. लिफ्ट तपासणाऱ्या खात्याचा हा साहेब स्वतः लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही, चार मजले जिन्याने चढतो. त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

एवढं सविस्तर पत्र कशाला, फोन काय झिजला होता का, असं तू म्हणणार. तर फोनवर तू दर वेळी एकच प्रश्न विचारतेस, पोरगी तुला बाबा म्हणायला लागली की नाही, आणि मी दर वेळी आवाज तुटतोय असं सांगतो. आवाज तुटत नाही, ताई. आमचं घर अडीच खोल्यांचं आणि त्यातल्या अर्ध्या खोलीत ती नऊ वर्षांची मुलगी कान टवकारून बसलेली असते. म्हणून लेखी उत्तर देतो: नाही. लग्नाला वर्ष झालं, ती मला ‘अहो’ म्हणते. अख्ख्या घरात मला अहो म्हणणारी ती एकटीच, तिची आई मला सरळ ‘अरे’ म्हणते. मीही तिला ‘अगं’ म्हणूनच हाक मारतो. तिला घरात ठकी म्हणतात, पण ठकी म्हणायची परवानगी अजून माझ्यापर्यंत पोचलेली नाही.

तिच्यावर रागावू नकोस. बाबा हा शब्द तिने एका माणसाला देऊन टाकलाय. ती तीन वर्षांची असताना तो माणूस गेला. त्याचा फोटो तिच्या टेबलावर असतो आणि तो ती स्वतःच पुसते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. तो शब्द मागणारा मी कोण? मला तो नकोच आहे. पण वाईट वाटत नाही असं म्हणालो तर खोटं बोलेन. चव्वेचाळीस वर्षं एकटा राहिलेल्या माणसाला वाटतं की कोणीतरी आपल्याला काहीतरी म्हणावं. नुसतं अहो तर बस कंडक्टरलाही म्हणतात.

असो. मुद्दा प्राणिसंग्रहालयांचा आहे. या मुलीला जगात दोनच गोष्टी मनापासून आवडतात, प्राणी आणि चुका काढणं. दोन्ही एकाच ठिकाणी भरपूर मिळतात म्हणून आम्ही महिन्यातले दोन रविवार कुठल्या ना कुठल्या प्राणिसंग्रहालयात किंवा अभयारण्यात घालवतो. ती निळ्या वहीत परीक्षण लिहिते आणि तिची आई ते कॉम्प्युटरवर चढवते. (वाचणारे बरेच आहेत. एका ठिकाणी तिकीट फाडणाऱ्याने वही बघितली आणि आम्हाला खुर्च्या आणून दिल्या. त्याचे तिने दोन गुण कापले, कारण खुर्च्या इतरांना दिल्या नव्हत्या.) तिचे नियम कडक आहेत. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. सिंह दिवसभर आमच्याकडे पाठ करून झोपला तेव्हा तिने लिहिलं, ‘सिंह: फक्त पाठ पाहिली. पाठ स्वच्छ आहे.’ कीव आली म्हणून गुण वाढवायचे नाहीत. आणि पहिल्या ओळीत कोण कोण हजर होतं ते लिहायचं. तिथेच माझं घोडं अडतं. पहिल्या परीक्षणात मी ‘आईच्या ओळखीचे एक गृहस्थ’ होतो. तीन महिन्यांनी ‘सोबत आलेले गृहस्थ’ झालो. माकडांच्या अभयारण्यात गाडीचे दोन्ही वायपर माकडांनी उपटून नेले आणि मी ‘अरे हे सरकारी काम नाही’ असं काहीतरी ओरडत त्यांच्यामागे धावलो, त्या दिवशी ‘गाडीचे चालक’ असा उल्लेख आला. मी त्याला बढती समजून दोन दिवस खुशीत होतो, पण पुढच्या रविवारी परत सोबत आलेले गृहस्थ.

तुझ्या भावजयीचं वेगळंच. तुला ठाऊक आहे, ती दातांची डॉक्टर. तिला प्राणी दिसतच नाही, जबडा दिसतो. पाणघोड्याने तोंड उघडलं की बाकीचे फोटो काढतात, ही पुढे वाकून खालची डावी दाढ बघते. एकदा तिने तिथल्या माणसाला वीस मिनिटं हिरड्यांविषयी सुनावलं आणि तो बिचारा शेवटी स्वतःचंच तोंड उघडून उभा राहिला. तेव्हा मी एकटाच खुळा आहे असं समजू नकोस. आम्ही तिघंही आपापल्या परीने तसेच आहोत.

तर मागच्या रविवारची हकिकत. (बूड टेकवून वाच, लांबण आहे.) आम्ही एका लहानशा संग्रहालयात गेलो. तिथे जाळीचं मोठं पक्षिगृह आहे, माणसांनी आत शिरून पक्ष्यांमधून फिरायचं. आत जायला एकामागे एक अशी दोन दारं आणि मध्ये चिंचोळी जागा. एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडता कामा नये, नाहीतर पक्षी पसार. आपल्या लिफ्टच्या दारांचं तत्त्व अगदी हेच. आत गेल्यावर बाकीचे पक्षी बघत होते, मी दार बघत होतो. आणि माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही दारं एकदम उघडी राहिली. बावीस वर्षांच्या नोकरीत हात आपोआप चालतात. खिशात तार, शिशाचं सील आणि पक्कड असतेच. आतलं दार ओढून घेतलं, कडीतून तार घातली, सील दाबलं, वर लाल लेबल चिकटवलं: ‘वापरास बंद. सील तोडल्यास कारवाई होईल.’ दोन पावलं मागे होऊन कामाकडे समाधानाने पाहिलं. तेव्हा कुठे ध्यानात आलं की मी दाराच्या आतल्या बाजूला आहे.

माझ्यासोबत आत होते अकरा प्रेक्षक, बायको, ठकी, पक्ष्यांना दाणे घालणारे एक काका आणि माझ्या बुटाची नाडी सोडवणारा एक करकोचा. बाहेर जायचं दुसरं दार दुरुस्तीसाठी आधीच बंद होतं. तू म्हणशील, पक्कड हातात होती ना, मग तोड की तार. इथेच तर सगळं अडलं. आमच्या नियमाप्रमाणे सील लावणाऱ्याने एकट्याने ते तोडायचं नाही. आधी दोष दूर व्हायला हवा आणि मग दुसऱ्या एका जबाबदार व्यक्तीने कागदावर सही करायला हवी. ती व्यक्ती मालकाकडची नको आणि तपासणाऱ्याच्या नात्यातली नको. बावीस वर्षांत मी हा नियम एकदाही मोडला नाही. अशाच एका बिल्डिंगमध्ये कोणीतरी मोडला होता आणि त्या लिफ्टचं काय झालं ते मी पाहिलंय. म्हणून मी अडून बसलो. बायकोने माझ्याकडे जे पाहिलं ते लिहीत नाही.

दाणेवाल्या काकांनी बाहेरच्या मेकॅनिकला हाका मारल्या. त्याने मधल्या जागेत येऊन अर्ध्या तासात दाराचा वाकलेला बोल्ट सरळ केला. बाहेरचं दार उघडलं की आतल्या दाराचा बोल्ट आपोआप बसायला लागला, मी जाळीतून चार वेळा खात्री करून घेतली. आता सही. तर ‘जबाबदार व्यक्ती’ हे शब्द ऐकल्याबरोबर अकराच्या अकरा माणसं पक्षी बघायला लागली. आतापर्यंत मला शिव्या घालणारा एक टाय लावलेला गृहस्थ म्हणाला की सरकारी कागदाला तो हात लावत नाही. दुसऱ्याला एकाएकी चष्मा सापडेना. एक तास झाला. दाणे संपले. करकोच्याने दुसरी नाडी सोडवली.

तेवढ्यात ठकी पुढे आली. तिने कागद मागितला, खाली-वर नीट वाचला. वयाची अट कुठेच लिहिलेली नाही हे मला बोट ठेवून दाखवलं. मग दार स्वतः ढकलून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मी चालेन. मी यांच्या नात्यातली नाही.”

खरं सांगतो, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. टायवाल्याने पेनही पुढे केलं. एक सही, की सगळे मोकळे. आणि पोरीचं काही चुकलंही नव्हतं, पाहिलं तेवढंच लिहायचं हा तिचा नियम. पण मी जन्मभर जपून ठेवायच्या कागदावर ते लिहून घेऊ? माझ्याच्याने झालं नाही. कागद काढून घेतला आणि तिला म्हणालो, “तू नाही चालणार. तू नात्यातली आहेस.”

मग काय विचारतेस, गहजब. अकरा माणसं एका सुरात ओरडली. माझी बायको (जी मघापासून माझ्याशी बोलत नव्हती) येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. ठकी माझ्याकडे बघत होती. चुका काढताना बघते तशी, डोळे बारीक करून. तिला चूक सापडली नसावी, कारण तिने निळी वही उघडली नाही. आणखी चाळीस मिनिटं आम्ही सगळे तसेच कोंडलेलो. शेवटी त्यांच्यातल्या एका बाईंना फारच घाई झाली आणि त्यांनी डोळे मिटून सही ठोकली. त्या बाईंचं भलं होवो.

बाहेर व्यवस्थापक वही घेऊन उभेच होते. मी ओळखपत्र दाखवलं, त्यांनी ते उलटं धरून वाचलं. प्रेक्षकांना कोंडून ठेवण्याबद्दल तक्रार लिहायची म्हणून त्यांनी माझं नाव घेतलं, पत्ता घेतला आणि माझ्या बाजूला उभ्या मुलीला विचारलं की हे गृहस्थ तुझे कोण. मी बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकलो. (कंबर धरली ती तेव्हाच.) एक नाडी बांधून झाली, दुसरी हातात घेतली. मग ती म्हणाली, “आमच्याकडचे आहेत.” आणि लगेच व्यवस्थापकांना पुढे घालून ते दार दाखवायला घेऊन गेली, पूर्वी बोल्ट कसा होता, आता कसा आहे, आणि पक्षी उडून गेले असते तर तक्रार कोणी कोणावर केली असती. व्यवस्थापकांनी तक्रारीचा कागद खिशात घातला.

ताई, मी त्या आवारात नाड्या बांधत चांगली पाच मिनिटं खाली बसलो होतो. आमच्याकडचे. एकच शब्द, पण मला तो वर्षभराच्या पगारवाढीपेक्षा जास्त वाटला. तेव्हा आता फोनवर तो प्रश्न विचारू नकोस. ती मला बाबा म्हणत नाही, म्हणणारही नाही बहुधा, आणि माझं छान चाललं आहे.

भावोजींना सांगणे, उद्यापासून फाटकाच्या पुढे जावे. डोळ्याचे थेंब वेळेवर घाल. 

तुझा भाऊ

ता. क. भावोजींची जुनी दुर्बीण माळ्यावर नुसती पडून असेल तर पाठव. यंदा आम्हाला सिंहाचं तोंड बघायचं आहे.

ता. क. दोन. तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. तिचं म्हणणं, घर अडीच नाही, तीन खोल्यांचं आहे, पाणघोड्याची दाढ उजवी होती आणि आम्ही पक्षिगृहात एकूण तीन तास होतो. नियम जपल्याचं मी जे लिहिलंय त्यावरही ती हसली. म्हणे नियमाप्रमाणे मुलीची सही नाकारता येतच नव्हती, कारण दत्तकाचे कागद अजून झालेले नाहीत, म्हणजे कागदोपत्री ती नात्यातली नाही. हे मला माहीत होतं, ताई. बावीस वर्षांत पहिल्यांदाच नियम मोडला.

ता. क. तीन. आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहितो. दार दुरुस्त झाल्याबद्दल त्या व्यवस्थापकांनी आम्हाला वर्षभराचा कौटुंबिक पास देऊ केलाय, चार माणसांचा. फॉर्म भरायला अर्थातच ठकी बसली. आम्ही तिघं झाल्यावर एक ओळ उरली. तेव्हा तिने मला विचारलं की तुम्ही मला नात्यातली म्हणालात, मग तुमच्या बाजूला आणखी कोण कोण आहे? मी म्हटलं, एक ताई आहे. तू लग्नाला आली नव्हतीस, त्यामुळे तिने तुला पाहिलेलं नाही, हेही सांगितलं. (का आली नाहीस ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, आणि तुझ्यावर माझा राग नाही.) तिने तुझं नाव लिहिलं, वय विचारलं, ते मी चुकवलं. मग ती नात्याच्या रकान्यावर पेन धरून बसली. माझ्या ओळीतला तो रकाना तिने कोरा ठेवलाय, मी पाहिलं. तुझ्या ओळीत तिने लिहिलं: आत्या.

तिला दोन मावश्या आहेत, मामा आहे. आत्या नव्हती. तिला हे कोणी सांगितलं नाही, शपथेवर सांगतो. मी गुपचूप आत जाऊन उगाच पाणी पिऊन आलो.

आज सकाळी दात घासता घासता विचारत होती, आत्याला सापांची भीती वाटते का? मी म्हटलं, पुढच्या रविवारी आली की तूच विचार. आता तुला यावं लागेल, ताई.