चाळीस दिवसांचा शब्द

८ जानेवारी, रविवार

झुवेराची खाट अजून रिकामीच. यादीत बावीस नावं, आल्या एकवीस. एकवीसजणींची कहाणी एकच — अडलेलं बाळंतपण, मेलेलं मूल, आतून फाटलेलं अंग आणि मग दिवसरात्र गळणारी लघवी. नवरा टाकतो. शेजारीण नाकाला पदर लावून उठून जाते. मग कुणीतरी सांगतं, शहराबाहेर ख्रिस्ती लोकांचं घर आहे, तिथे शिवून देतात.

डॉक्टर सेलिया शुक्रवारी आल्या. ब्राझीलहून इथे नायजरपर्यंत तीन विमानं बदलून! आल्या आल्या विचारलं, "नाओमी, झुवेरा कुठे? तिची वेळ आता तरी जमणार बघ." त्या अठ्ठावीस तारखेला परत जाणार. नंतर थेट ऑक्टोबर.

डॉक्टर आल्या, अंगात ताप नाही, जनरेटर चालतोय. देवबापा, तुझे उपकार.

१० जानेवारी, मंगळवार

निरोप आला. झुवेराचे वडील तिला पाठवणार नाहीत. मालम सानूसी — गिदान कुकामध्ये पोरांना कुराण शिकवतात, गावात त्यांचा शब्द खाली पडत नाही. निरोप असा: "गेल्या वेळी मुलगी आमची गेली आणि गाणी तुमची घेऊन आली."

खरं आहे. गेल्या वर्षी दुसरं ऑपरेशन फसलं, पण दोन महिन्यांत ती आमची गाणी शिकली. मी शिकवली नाहीत. शिकू नको असंही म्हटलं नाही.

११ जानेवारी, बुधवार

बुधवारची प्रार्थना. पाच माणसं, नेहमीचीच. गिदान कुकाने प्रभूकडे वळावं म्हणून आम्ही चौदा वर्षं मागतोय. पाळक इशाया म्हणाले, "बंद दारासमोर धीर धरायचा." मी म्हटलं, "मी उद्या जाऊन दार वाजवणार आहे." ते म्हणाले, "बाई, तसं नव्हे!"

१२ जानेवारी, गुरुवार

जाऊन आले. आजच लिहून ठेवते.

भाड्याच्या मोटरसायकलवर दीड तास. धुळीच्या वाऱ्याने डोळे लाल. मालम ओसरीवर बसले होते, पोरांना सुट्टी दिली. आतून झुवेराची आई डेलू हिने बाजरी कालवलेलं ताक पाठवलं — तेवढ्यावरून कळलं की बाईमाणूस आपल्या बाजूला आहे.

मालम म्हणाले, "सरळ विचारतो. माझ्या मुलीने आपला दीन, आपला धर्म सोडावा म्हणून तू देवाकडे मागतेस का?"

काय सांगायचं? वाटेत मी चार उत्तरं घोकली होती. सगळी गुळगुळीत. ती बाजूला ठेवली आणि म्हटलं, "मागते. रोज मागते. पण ऑपरेशन त्यावर अवलंबून नाही. तिने येशूचं, तुमच्या भाषेत ईसाचं, नाव घेतलं नाही तरी टाके तेच पडतील."

ते माझ्याकडे वळून बसले. मग म्हणाले, "एकोणीस वर्षांत तुमच्यातलं पहिलं माणूस, जे तोंडावर खरं बोललं."

मग मुलीला पाठवण्यासाठी अट घातली. आजपासून चाळीस दिवस मी झुवेरासाठी ते मागायचं नाही. बरं होण्याचं माग, हवं तितकं. ते दुसरं नाही. मोठ्याने नाही, मनातही नाही.

"मनातलं तुम्हाला कसं कळणार?"

"मला नाही कळणार. तुला कळेल."

मी विचारलं, "आणि तुम्ही चाळीस दिवस काय कराल?"

"मी चाळीस दिवस तुला शिव्या देणार नाही. माझ्यासाठी हे जड आहे, समजलीस?"

आतून डेलू हसली. मीही हसले. आणि शब्द देऊन बसले! परतीच्या वाटेवर एकच विचारत राहिले. बापा, मी तुझ्याशी बोलण्यातलं एक वाक्य विकलं की काय?

१३ जानेवारी, शुक्रवार

जुम्म्याची नमाज आटोपून बापलेक दोघं आली, गाढवगाडीतून. झुवेरा बाविशीची, दिसते चाळिशीची. गाडीत तिच्याखाली गोणपाट, तेही ओलं. मला बघून म्हणाली, "मावशी, वास येतोय, जवळ येऊ नको." मी गेले जवळ.

मालम परत गेले नाहीत. अंगणात कडुनिंबाखाली चटई टाकली. "मुलगी आत, मी बाहेर. नजर ठेवायला."

१५ जानेवारी, रविवार

सकाळी झाडाखालून आवाज — "काय, नाओमी, आज काय मागितलंस?"

"लघवी थांबू दे म्हटलं."

"एवढ्या मोठ्या दरबारात जायचं आणि लघवीचं मागायचं!"

"तुम्ही काय मागितलंत?"

त्यांनी दाढी खाजवली. "तेच."

१७ जानेवारी, मंगळवार

तीन तास दहा मिनिटं. मी डॉक्टरांच्या डाव्या हाताला होते. जुन्या व्रणांनी आतलं सगळं कडक झालेलं, सुई जाईना. झुवेरा जागी होती, कमरेखाली बधिर. माझी ओढणी मुठीत धरून कुराणातली आयत म्हणत होती, मग मध्येच आमच्या गाण्याची ओळ, मग पुन्हा आयत. कुणी अडवलं नाही.

शेवटी कुठे गळतंय का ते मूत्राशयात निळं पाणी भरून बघितलं. कापूस पांढरा! एक थेंब निळा नाही. डॉक्टर सेलिया खुर्चीत बसल्या आणि आपल्या भाषेत रडल्या.

बाहेर जाऊन मालमना सांगितलं. त्यांनी पागोट्याचं टोक तोंडावरून घेतलं. तुझे उपकार, बापा. उपकार, उपकार.

१८ जानेवारी, बुधवार

बुधवारची प्रार्थना. पाळक इशायांनी झुवेराचं नाव घेऊन तेच मागितलं — चौदा वर्षांचं. सगळे आमेन म्हणाले. मी ओठ मिटून बसले.

नंतर त्यांनी थांबवलं. "आमेन का नाही?"

सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "प्रार्थनेचा सौदा केलास? तोही मालमशी? उद्या तो म्हणेल श्वास घेऊ नको!"

"मी त्यांना शब्द दिलाय."

"आणि प्रभूला दिलेला?"

मी चटया गुंडाळायला घेतल्या. 

२४ जानेवारी, मंगळवार

मालम आता झाडाखाली एकटे नसतात. बायकांनी त्यांना कामाला लावलंय. भुईमुगाच्या शेंगा फोडतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची घरची पत्रं लिहितात. टाकून दिलेल्या बायका, परक्या गावच्या. एकेकीचं ऐकताना त्यांची मान खाली जाते. आज म्हणाले, "नाओमी, माझी पोर चौदाची होती लग्नाच्या वेळी. मीच लावलं." मी शेंगांची टोपली त्यांच्यापुढे सरकवली. 

२८ जानेवारी, शनिवार

डॉक्टर गेल्या. झुवेराची लघवीची नळी मंगळवारी मी काढायची. जाताना मालमनी त्यांना कोंबडी दिली, जिवंत! विमानात कशी नेणार? कोंबडी आमच्याकडेच राहिली.

३१ जानेवारी, मंगळवार

नळी काढली. दोन तासांनी चादर ओली.

१ फेब्रुवारी, बुधवार

अजून ओली. पाळक इशाया म्हणाले, "अर्धी प्रार्थना, अर्धं उत्तर." ते दुष्ट नाहीत. चौदा वर्षं ते माझ्यापेक्षा जास्त रडलेत. पण हे लागलं.

दुपारी भांडी घासताना मोह झाला. एकदाच मागावं, कोणाला कळणार? मग मालमचं वाक्य आठवलं — तुला कळेल. नाही मागितलं. भांडीच घासली, जोरात.

२ फेब्रुवारी, गुरुवार

झुवेराने हात धरला. "मावशी, तू रागावलीस माझ्यावर?"

"का गं?"

"गेल्या वर्षी डोक्यावर हात ठेवून ते म्हणायचीस. आता नुसतं बरं कर, बरं कर."

खोटं बोलवेना. "तुझ्या वडिलांना शब्द दिलाय, चाळीस दिवसांचा."

ती खुदकन हसली. सात वर्षांत ती अशी हसली नसेल. "बाबांना वाटतं, सगळं तुझ्याच हातात आहे!"

पुढे विचारलं नाही. विचारणंही शब्दात बसत नाही असं वाटलं.

४ फेब्रुवारी, शनिवार

कोरडी!! सकाळी उठली ती कोरडी, दुपारी कोरडी, खोकली तरी कोरडी! डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच, सुजलेलं अंग बसायला चार दिवस लागले एवढंच. सगळ्याजणी डबे बडवत अंगणात. मालम उठून उभे राहिले, हातातल्या शेंगा सांडल्या. झुवेरा त्यांच्या चटईवर जाऊन बसली. स्वच्छ चटईवर, बापाशेजारी, सात वर्षांनी.

माझ्याच्याने आज जास्त लिहवत नाही.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

आज ती घरी गेली. आमच्या रिवाजाप्रमाणे नवं कापड, मेंदी, डोक्यावर रुमाल. डेलू स्वतः न्यायला आली आणि लेकीचा वास घेत राहिली, मानेचा, केसांचा, हातांचा. "साबण," एवढंच म्हणत होती, "नुसता साबण."

गाडीवर चढताना मालम म्हणाले, "चौतीस दिवस खाली मान घालून वागलीस. मी नजर ठेवली होती."

"अजून सहा दिवस आहेत."

"तेही बघतो. तिथूनच."

१५ फेब्रुवारी, बुधवार

पाळक इशाया आज आपण होऊन आले. म्हणाले, "तिच्यासाठी मागताना मी तुझ्याकडे बघत होतो, प्रभूकडे नाही. मला क्षमा कर." मी चहा टाकला, तीन वेळा उकळून, साखर जास्त.  हलकं वाटलं.

२० फेब्रुवारी, सोमवार

आज चाळीस. उद्या मोकळी होईन. कसं सुरू करायचं, चाळीस दिवसांनी?

२१ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळीच फाटकात मालम. एकटे, चालत आलेले, पाय धुळीने पांढरे. मी म्हटलं, "मुदत कालच संपली, मी शब्द पाळला."

"माहीत आहे. तिच्यासाठी आता काही मागू नकोस. तिने मला परवा सांगितलं. ती ईसाची आहे. गेल्या वर्षीपासून. तू शब्द दिलास त्याच्याही आधीपासून."

मी झाडाखाली चटई टाकली, दोघं बसलो.

"गावाला अजून ठाऊक नाही. कळलं की मला म्हणतील, काढ तिला घराबाहेर. एकदा नवऱ्याने काढली, नाओमी." त्यांनी पायांवरची धूळ झटकली. "आता माझ्यासाठी माग. तिला घरातच ठेवायची हिंमत दे म्हणावं मला."

हो म्हटलं. मग दोघंही चटईवरच प्रार्थनेला बसलो — आधी सुरुवात कुणी करायची, तेच कळेना.