मास्तरपद सुनेकडे

लिहून ठेवणार मी, गुडघे गेलेली पण डोकं जागेवर असलेली बाई. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने करत आहे. कोणी माझा हात धरून लिहवून घेत नाही. उलट मुलगा वर्षभर ‘कशाला आत्ताच’ म्हणून टाळत होता. मी पूर्ण शुद्धीत असल्याचं डॉक्टरीणबाईंनी तपासून लिहून दिलं आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडे लक्ष देऊ नये.

१. राहतं घर, वरच्या खोलीसह, माझ्या पश्चात मुलाच्या मालकीचं होईल. जिन्याची चौथी पायरी करकरते, ती दुरुस्त करू नये. घरात कोण आलं ते तिच्यामुळे कळतं.

२. बँकेतल्या ठेवी मुलगा आणि सून यांनी निम्म्या-निम्म्या घ्याव्यात. दागिने सुनेचे. धाकट्या दिरांना माझ्याकडून वेगळं काही नाही. माझ्या यजमानांची छत्री ते एका पावसात ‘उद्या देतो’ म्हणून घेऊन गेले, ती त्यांना माझ्याकडून मिळाली असं समजावं.

३. आता मुख्य गोष्ट. नदीवरच्या बोटसेवेच्या वेळांचं संकेतस्थळ माझ्या नावावर आहे. बोटी बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी ते चालू आहे. कसं, ते सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं कलम कोणाला कळायचं नाही.

मी बोटसेवेच्या कचेरीत तिकीट खिडकीवर होते. कॉम्प्युटर आला तेव्हा टायपिंग येतं म्हणून तो माझ्यापुढे आणून ठेवला. पुस्तकात बघून बघून मी वेळापत्रकाचं पान तयार केलं. कोपऱ्यात फावडं मारणारा चिमुकला माणूस, त्याच्याखाली ‘काम चालू आहे’. बोटीचा फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उघडायचा, तेवढ्यात चहा उकळून व्हायचा. काय दिवस होते! खिडकीतून पाण्याचा वास यायचा, मॉडेम किंचाळायचं आणि मला वाटायचं, सगळं जग आमच्या धक्क्याला लागणार आहे.

पानाच्या तळाशी वेबमास्टर, म्हणजे पान सांभाळणारा, म्हणून कोणाचा तरी पत्ता द्यायचा होता. साहेब म्हणाले, “बाई, ते मोठं पद आहे, त्याला सर्टिफिकेट लागतं. तुम्ही आपलं टाईप करा.” मी बरं म्हटलं आणि टाईप केलं. कचेरीच्या कीबोर्डवर ‘ट’चं बटण रुसलेलं असायचं, कधी ‘ट’ तर कधी ‘त’ उमटायचा, त्यामुळे वेबमास्टरचं ‘वेबमास्तर’ झालं. ‘बोत’ची मी लगेच ‘बोट’ केली. मास्तर मात्र राहू दिले. ऐकायला बरं वाटत होतं. ईमेलच्या पत्त्याशेजारी फोन घरचा दिला, कारण कचेरीतली लाईन मॉडेमने अडवलेली असायची.

झालं! घरी फोन सुरू झाले, “मास्तर आहेत का?” कोणाची काठी बोटीवर राहिलेली, कोणाला शेवटची बोट मिळेल का विचारायचं असायचं, एकाने तर मुलाला शिकवणी लावायची म्हणून विचारलं. आमचे हे चष्म्याच्या दुकानात काचा घासत. ते फोन घ्यायचे आणि गंभीर आवाजात म्हणायचे, “मास्तर स्वयंपाकघरात आहेत, बोलावतो. मी मास्तरीण बोलतोय.” गल्लीत ह्यांचं नावच मास्तरीणबाई पडलं. हाक मारली की हे खुशाल ओ द्यायचे. मला त्यांची फार आठवण येते. हे कायद्याच्या कागदात लिहायचं नसतं असं वकील म्हणाले. लिहिलं आहे.

पूल झाला, बोटी थांबल्या, साहेबांनी पान बंद करायला सांगितलं. संकेतस्थळाचं ते नाव मोकळं होताच मी स्वतःच्या नावावर घेतलं, वेळापत्रकासकट. लोक अजून लिहितात, आणि मी प्रत्येकाला उत्तर देते. त्या पदाला एवढंच लागतं, साहेब. सर्टिफिकेट नाही लागत.

४. मुलगा याच धंद्यात मोठ्या कंपनीत आहे. तो म्हणतो, “अगं आई, वेबमास्टर असं आता कोणी म्हणत नाही. ते काम सहाजण मिळून करतात.”

“मग पत्राला उत्तर कोण देतं?”

“ते आपोआप जातं.”

त्याच्यावर माझा राग नाही. पान अडलं की तोच धावून येतो. पण हे पद त्याला देता येत नाही, आणि त्याचं कारण असं.

मागे माझं ऑपरेशन झालं तेव्हा पत्रं मुलगा आणि सून बघत होती. एका बाईने लिहिलं होतं: तिचे वडील जन्मभर बोटीने कामावर गेले. आता त्यांना विसर पडतो. रोज सकाळी पिशवी घेऊन जुन्या धक्क्यावर बसतात, उपाशी. पूल झाला हे त्यांना पटत नाही. तुमच्या पानावर असेल तेवढंच खरं मानतात. पहिली बोट कधी सुटणार, त्यांना काय सांगू?

मुलाने उत्तर लिहिलं, ‘सेवा बंद आहे.’ खोटं काहीच नव्हतं त्यात. सून म्हणाली, “अहो, थांबा. ते तिला माहितीये. बाबांना काय सांगू, असं विचारतेय ती.” आणि तिने पानावरच लिहिलं: ‘आज पाण्याला ओढ आहे. पहिली बोट उशिरा सुटेल. घरी जाऊन जेवून यावे. — वेबमास्तर.’

त्या बाईने ते वडिलांना वाचून दाखवलं. “मास्तर म्हणतायत ना, मग चल,” असं म्हणून म्हातारबाबा उठले आणि घरी जाऊन जेवले.

सून दवाखान्यात आली ती घाबरतच. “आई, तुम्हाला न विचारता तुमचं नाव लावलं. रागावलात?”

“माझं कुठे लावलंस? स्वतःचंच लावलंस की.”

मी रडले, ते भूल उतरत होती म्हणून, असं तेव्हा सांगितलं. भूल केव्हाच उतरली होती.

५. म्हणून सदर संकेतस्थळ, त्याचं नाव, पत्रांचा पत्ता आणि वेबमास्तर हे पद मी सुनेला देत आहे. परवलीचा शब्द म्हणजे ह्यांचं गल्लीतलं नाव; मी गेल्यावर हवा तर बदलावा. मुलाने यंत्राची बाजू सांभाळावी, फावडेवाल्याला कामावरून काढू नये, आणि तळाच्या ओळीतल्या ‘त’चा ‘ट’ करू नये.

६. माझ्या जाण्याची बातमी पानावर देऊ नये. म्हातारबाबा अजून रोज धक्क्यावर येतात. मी जाईन त्या सकाळीही ते पिशवी घेऊन बसलेले असतील. सुनेने आधी वर जाऊन त्यांच्यासाठी दोन ओळी लिहाव्यात, मग मला न्यावं. मला थोडा उशीर झाला तरी चालेल.

स्थळ: राहत्या घरी, वरची खोली, कॉम्प्युटरचं टेबल.
तारीख: वकिलांच्या शिक्क्यात आहे तीच.

सही: बँकेत करते तशी, आणि तिच्याखाली, वकिलांचा विरोध असूनही, ‘वेबमास्तर (आजपर्यंत)’.

आमच्यासमक्ष सही केली:
साक्षीदार १: डॉक्टरीणबाई.
साक्षीदार २: चष्म्याच्या दुकानाचे हल्लीचे मालक, ह्यांना मास्तरीणबाई म्हणून हाक मारणाऱ्यांपैकी एवढेच उरले आहेत.