गोधडी झाल्यावर

८ जाने.
शर्वरी घरी येऊन आज वर्ष झालं. तिच्या लक्षात नाही, किंवा आहे आणि बोलली नाही. सकाळी साडेनऊला गोधडी मांडीवर घेऊन बसली, दीडला उठली. एक फेरीसुद्धा पूर्ण नाही.
म्हटलं, वकिलांचा फोन होता. घटस्फोटाचे कागद तयार आहेत. फक्त सही.
"गोधडी झाल्यावर बघू."
शाळेच्या लायब्ररीतली जागा?
"गोधडी झाल्यावर."
केस तरी कापून ये.
"झाल्यावर, आई."
मोडलेल्या हाडालासुद्धा प्लास्टर सहा आठवडेच घालतात.

११ जाने.
श. झोपली असताना गोधडी उजेडात धरून पाहिली. कापड सगळं सासरचं. पाच साड्या, निखिलच्या आईने दिलेल्या. कापताना मी विरोध केला नाही. शिकवलं कांताबाईने, स्वयंपाकाला येते ती, माण तालुक्यातली. कडेपासून सुरू करायचं, चौकोनी फेऱ्या घालत आत जायचं, शेवट मधोमध. वर्षभरात तेवीस फेऱ्या. मध्ये अजून टेबलाएवढी जागा रिकामी.
टाके वाकडे. एक लांब, एक आखूड, कुठे दोरा ओढून चुणी. संध्याकाळी तसं सांगितलं.
"दिसतंय मला."
दिसतंय तर उसवून पुन्हा का घालत नाहीस?
मी तेहतीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं. उत्तरपत्रिकेच्या तीन ओळी वाचल्या की कळायचं.

१४ जाने.
संक्रांत. शेजारच्या मालतीबाई तिळगूळ घेऊन आल्या. शर्वरी काय करते हल्ली? म्हटलं, गोधडी शिवते. "अय्या, ऑनलाइन विकते का गं?" आतून श.चा आवाज आला, "नाही काकू. नुसतीच शिवते."
मालतीबाई माझ्याकडे पाहून हसल्या. दार लावल्यावर श.ला म्हटलं, गप्प बसायला पैसे पडत नाहीत.

१७ जाने.
नाशिकला माझ्या ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. श. स्वतःहून म्हणाली, मी जाते, दहा-बारा दिवस राहते. वर्षात पहिल्यांदा. गोधडी पिशवीत भरत होती. म्हटलं, हॉस्पिटलात चिंध्यांचं बोचकं घेऊन बसणार? लोक काय म्हणतील? जरा वेळ उभी राहिली. मग पिशवीतून काढून पलंगावर ठेवली.

१९ जाने.
भांडुप. इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर गाळा, हर्षदभाई म्हणून कच्छी गृहस्थ. हॉटेलांच्या रजया करतो. चौकटीवर कापड ताणलेलं, सुई आपोआप चालत होती. कारागीर शेजारी मोबाइल बघत होता.
हर्षदभाईने गोधडी पसरली. "काकी, हाताचं आणि मशीनचं एकत्र नाही बसत. मशीनचा पाय अडकेल, कापड सरकेल. सगळं खोलून आणा. तिन्ही थर अलग. मग बघा, एकदम झकास करून देतो."
"सगळं?"
"सगळं. आणि हे चौकोनी नाहीये. चारी बाजूने दोन-दोन इंच काटायला लागेल."
म्हटलं, कापा.
"कोणी बनवलीय?"
"मुलीने."
"छोटी आहे?"
"छत्तीस."
त्याने डिझाइनचा आल्बम पुढे केला. लाट, वेल, चौकट. मी चौकट घेतली. मशीनवर किती वेळ लागेल विचारलं. बेचाळीस मिनिटं.

२१ जाने.
उसवायला बसले. ब्लेडने. कांताबाई पोळ्या सोडून दारात येऊन उभी.
"बाई, ताईंना इचारलंय का?"
"माझी मुलगी आहे."
"व्हय. पर गोधडी त्यांची हाय."
म्हटलं, तवा जळतोय.
जाताना पुन्हा थांबली. मध्यावर शेवटचा टाका घालायच्या आधी गोधडीच्या पोटात भाकरीचा तुकडा ठेवतात म्हणे. उपाशी बंद करायची नसते. "ताईंना सांगितलंय म्या. त्या ठेवणार हुत्या." मुंग्या लागतील, म्हटलं.
आज अकरा फेऱ्या झाल्या. बाहेरच्या फार वाईट आहेत. गाठीवर गाठ. एके ठिकाणी रक्ताचा डाग, तपकिरी. कोपऱ्यावर तर वळायचं कसं हेच कळलेलं नाही, टाके एकमेकांवर चढलेत.

२२ जाने.
उरलेल्या बारा.
चौदाव्या फेरीपासून हात बदललाय. टाके लहान होत जातात. सोळाव्या-सतराव्याला सरळ. अठराव्यात कोपरा नीट वळलाय. बाविसावी आणि तेविसावी चष्मा लावून सबंध पाहिली. चूक नाही. कुठेच नाही.
उसवल्या.
दोरा सगळा पांढरा, एका वाटीत मावला. कचऱ्याच्या डब्यात टाकला.

२७ जाने.
गोधडी मिळाली. कडा सरळ, मागचं अस्तर नवं. हर्षदभाई म्हणाला, "आता दुकानातली वाटते ना?" वाटते.

२९ जाने.
श. दुपारी आली. गोधडी तिच्या पलंगावर पसरून ठेवली होती.
बॅग हातातच. एका हाताने कापडावरून हात फिरवला. कोपरा उलटून मागची बाजू पाहिली.
"छान झालीय."
"आवडली?"
"सरळ आहे." मग, "पोटात काय घातलं?"
"काही नाही."
"आणि दोरा?"
"कसला दोरा?"
"माझा."
"टाकला."
बॅग खाली ठेवली. अंघोळीला गेली. पाऊण तास नळ चालू.
मी दोन दिवस मान मोडून बसले होते. त्याबद्दल एक शब्द नाही.

३० जाने.
सातला उठली. खुर्चीत बसून राहिली, हात मांडीवर, दवाखान्यात नंबरची वाट बघतात तशी. अकरापर्यंत तशीच. म्हटलं, झाली ना गोधडी? आता बघ.
"हो. आता बघते."

३१ जाने.
केस कापून आली. कानापर्यंत. चेहरा उघडा पडलाय, पण नीटनेटकी दिसते. वकिलांचे कागद कपाटातून काढून टेबलावर ठेवलेत. वर्षभर सांगून जे झालं नाही ते एका गाळ्यात बेचाळीस मिनिटांत झालं. ताईला फोन करून सांगितलं. ताई म्हणाली, "अगं, इथे ती रोज गोधडीबद्दलच बोलत होती. अजून वर्ष तरी पुरेल म्हणाली." म्हटलं, म्हणूनच.

२ फेब्रु.
लिहून ठेवते.
श.ने दुपारी सांगितलं, निखिलला फोन केला. बुधवारी न्यायला येतोय.
मी म्हटलं, कागद काढलेस ना सहीसाठी?
"फाडले."
नि.ने कधी हात उगारला नाही. चूक झाली की कागदावर लिहायचा, फ्रिजला चिकटवायचा. दूध उतू गेलं. दहा मिनिटं उशीर. आईशी अकरा मिनिटं फोन. खाली हिची सही. तिसरी सही झाली की त्या दिवशी जेवण नाही. घरी आली तेव्हा ते कागद पिशवीभर आणले होते. मी वाचले. दोन-तीन मुद्दे खरे होते. तेव्हा तसं तिला म्हणालेही.
विचारलं, मग आता का?
"तो दर रविवारी मेसेज करायचा. कधी येतेस? मी म्हणायचे, गोधडी झाल्यावर बघू. तुला सांगायचे तेच. तो म्हणायचा, फोटो पाठव, किती राहिली. मी पाठवायचे."
"मग नाही म्हणायचं सरळ."
"नाही म्हणता येत नाही मला त्याला. हे म्हणता येत होतं."
"शर्वरी, कोणी गोधडीसाठी..."
"सावकाश घालत होते मी, आई. मुद्दाम. कांताबाईंना माहीत होतं."
कांताबाईला. मला सांगायला काय झालं होतं?
मग म्हणाली, "तो निदान सांगून करायचा."
रविवारी त्याचा मेसेज आला. हिने फोटो पाठवला. पूर्ण.

३ फेब्रु.
म्हटलं, खोटं सांग. बिघडली म्हण, पुन्हा उसवायचीय म्हण. म्हणाली, "फोटो बघितलाय त्याने."
वकिलांना फोन केला. सज्ञान आहे, म्हणाले.

४ फेब्रु.
नि. आला. पेढे घेऊन. वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेतले नाहीत.
गोधडी पाहिली. "वा. ही आईची नारळी काठाची साडी ना? आणि ही गौरींची." श. हो म्हणाली. "फिनिशिंग मस्त आहे गं. मला वाटलं नव्हतं तुला जमेल."
माझ्या तोंडून गेलं, भांडुपला मशीनवर करून घेतली.
तो श.कडे पाहून हसला. "बघ. मी म्हटलं होतं ना?"
घडी त्यानेच घातली. कोपऱ्याला कोपरा.
लिफ्टपाशी श.ला म्हटलं, फोन कर. मान हलवली. कांताबाई रडत होती. तिला म्हटलं, तुला सगळं ठाऊक होतं तर तोंड का शिवलं होतंस?
"बाई, तुमी ब्लेड घिऊन बसला हुता."

९ फेब्रु.
पाच दिवसांत फोन नाही. मी केला. नि.ने उचलला. अंघोळीला गेलीय. संध्याकाळी केला. देवळात गेलीय. श. देवळात जात नाही.

१० फेब्रु.
फोन आला. तिचाच. कशी आहेस? बरी. जेवलीस? हो. गोधडी वापरता का? "सासूबाईंनी साड्या ओळखल्या. किती साड्या कापल्या ते लिहून घेतलं." कोणी? "ठेवते हं, आई."
चार मिनिटं. मी घड्याळ बघत होते. का, ते माझं मला कळलं.

१३ फेब्रु.
बोरिवलीला नि.च्या घरी गेले, न कळवता. टॅक्सीने पावणेदोन तास. वॉचमनने इंटरकॉम लावला. नि.चा आवाज बाहेर ऐकू येत होता, "आईंना सांगा, ती झोपलीय." सकाळचे साडेअकरा. म्हटलं, थांबते. वॉचमनने खुर्ची दिली.
सव्वाबाराला श. खाली आली. घरातला गाऊन, वर ओढणी. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "तीन मिनिटं सांगून आलेय."
चल म्हटलं. बाहेर टॅक्सी उभी आहे. चपलासुद्धा नकोत.
मान हलवली. नाही.
अर्धं मिनिट गेलं. मला दुसरं काही सुचेना. म्हटलं, नवी सुरू कर. कापड मी आणून देते.
"त्याला काय सांगू?"
"माझ्यासाठी आहे म्हण. आईने मागितलीय."
"तू मागितलीयस?"
"हो."
"वाकडी होईल."
"होऊ दे."
माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी तपासत होती. मग म्हणाली, "मोठी करता येईल. डबल बेडची." आणि लिफ्टकडे गेली. वळली नाही.

१५ फेब्रु.
कपाट उघडलं. चार साड्या निवडल्या, सुती, धुऊन मऊ झालेल्या. निरोप समारंभाची एक त्यात आहे. ती परत ठेवली. मग पुन्हा घेतली. सुया, दोऱ्याची रिळं. कांताबाईने वर्तमानपत्रात भाकरी बांधून दिली. म्हटलं, मधोमध पोचेपर्यंत बुरशी येईल. "ऱ्हाऊ द्या," म्हणाली. राहू दिली.
बोरिवलीला वॉचमनकडे पिशवी दिली. त्याने वहीत लिहिलं, कपडे.

१६ फेब्रु.
फोन नाही.

१७ फेब्रु.
नि.चा मेसेज. "आई, पिशवी मिळाली. साड्या आमच्या कामाच्या मावशींना दिल्या, फार खूश झाल्या. आज नेसूनच आल्यात. शर्वरीला आता एवढा वेळ मिळत नाही हो."
खाली नमस्काराचे हात.
कांताबाईला वाचून दाखवला. ती कणीक मळत राहिली.
कपाटात अजून अकरा आहेत. आज बसून पाच कापल्या. वीतभराचे तुकडे, हातानेच, कडा वाकड्या. उद्या नेऊन देते. कापलेली साडी कोणाला नेसता येत नाही.