गाळणी तुझी तू धू

कोक्काय, १४ एप्रिल

बल्झान पोरी,

तुला आणि माझ्या नातीला, आयसाराला, आशीर्वाद. तुझ्या आईवडिलांना सलाम. त्यांची गुरं हिवाळ्यातून सुखरूप निघाली ना? आमच्या दोन मेंढ्या गेल्या, बाकीच्या ठीक. बल्खाश सरोवराचा बर्फ परवा फुटला. माझे गुडघे आहेत, एवढंच म्हणायचं.

नात उभी राहते का? पहिलं पाऊल टाकेल तेव्हा रिवाजाप्रमाणे तिच्या पायांत बांधलेली दोरी मीच कापणार. शेजारची साउले म्हणते, चपळ बाईने कापावी, नाहीतर पोर आजीसारखी खुरडत चालेल. तिचं काय मनावर घ्यायचं!

बोट विकली. ते सांगायला बसले होते आणि मेंढ्यांवर घसरले.

गिऱ्हाईक म्हणालं, आधी इंजिन दुरुस्त करून द्या. माझा झान्दोस गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. मीसुद्धा पाणी भरायला जाते ती बोटीकडे पाठ करून. तोलेगेन मिस्त्री हिवाळाभर कारागांडाच्या खाणीवर होता, तो आल्यावर त्याला बोलावलं. साउले बघायला आलीच.

"उघडून काय बघायचंय? तुझ्या सुनेनं इंजिनाची गाळणी धुतली नसेल. गवतानं तोंड बंद झाल्यावर इंजिन थंड राहायला पाणी ओढणार कुठून? तापून बसणारच."

"आधी तुझ्या तोंडाला गाळणी लाव," मी म्हटलं. पण भीती मलाही तीच होती, पोरी.

तू माहेरी गेलीस ती स्वतःला दोष देत, हे मला कळलं होतं. आदल्या संध्याकाळचं तुमचं भांडण भिंतीपलीकडून ऐकू आलं होतं. बर्फ धरायला लागलाय, बोट घेऊन जाऊ नकोस, असं तू विनवत होतीस. तो ऐकेना. शेवटी तू म्हणालीस, "जा मग! गाळणी तुझी तू धू." सकाळी तो तुला न उठवता निघून गेला. मग सरोवराच्या मधोमध इंजिन तापून बंद पडलं, बोट बर्फात अडकली आणि माझं लेकरू थंडीनं गेलं.

तोलेगेनने गाळणी काढून माझ्या हातात दिली. स्वच्छ होती, बल्झान. गवताच्या चार काड्या, बस.

मग त्याने पंप उघडला. आतला रबरी पंखा वाळून कडक झाला होता, सगळी पाती तुटलेली. पाणी वर चढलंच नव्हतं. "हे बाहेरून कुणालाच दिसलं नसतं, आपा," तो म्हणाला. "आणि गाळणी तर त्यानं माझ्यासमोर धुतली. धक्क्यावर बसून, त्या गारठ्यात. मी म्हटलं, काय रे, बायकोनं घराबाहेर काढलं वाटतं? तर हसला. म्हणाला, पोरीनं रात्रभर जागवलंय तिला, झोपू दे. आणि खरं आहे तिचं, रोज तिनंच का हात गारठवायचे?"

तोलेगेन त्याच दिवशी खाणीवर गेला होता. मागे गावात काय बोललं जातंय, त्याला कुठून कळणार?

मी बोटीतच बसून रडले. साउलेसुद्धा रडली.

माझा मुलगा गेला तो गेलाच. पण तो रागावून गेला नव्हता. तू झोपेत असताना त्याने तुझं काम केलं आणि हसत गेला. हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं.

त्याच्या वर्षाच्या जेवणाला ये. त्यानंतर तुला दुसरं घर करायचं असेल तर कर. मला जड जाईल, तरी आशीर्वाद देईन. नातीला तेवढं माझ्यापासून तोडू नकोस.

बोटीबरोबर गाळणी मी दिली नाही. गिऱ्हाईक कुरकुरलं, मी म्हटलं, नवी घे. ती चुलीजवळच्या खिळ्याला टांगली आहे. ये, आणि स्वतःच्या हातात घेऊन बघ.

हे आधी कळलं असतं तर तुला माहेरी जायला उंबरा ओलांडू दिला नसता, अशी

तुझी सासू,
रौशान